खांबावरची बाटली, पेल्यातली गोळी

मिनिटाला वीस थेंब. नळीच्या फुगीर भागात प्रत्येक थेंब क्षणभर लोंबकळतो, मग सुटतो. अठरा वर्षं मी हेच पाहत उभा आहे. मित्रांनो, मी सलाईनचा एक जुना खांब आहे.

कारखान्यात लोखंडी नळी वाकवून मला वर दोन आकडे आणि खाली पाच चाकं बसवली. त्यातलं एक चाक आता अडतं, म्हणून सिस्टर मला 'लंगडोबा' म्हणतात. तरी मला गर्व भारी! माझ्यावरची बाटली दारातूनही दिसते. गोळी बिचारी कागदी पेल्यातल्या घोटाबरोबर गुपचूप जाते.

यंदा आमच्याकडे नैराश्याच्या रुग्णांवर एक तुलना झाली. तेच औषध शिरेतून चांगलं की तोंडाने? प्रत्येकाला रोज बाटलीही लागे आणि गोळीही मिळे. औषध मात्र एकातच. कशात, ते बंद पाकिटात होतं. डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. रुग्णांनी हे समजून सह्या केल्या होत्या.

माझ्या वाट्याला शेवटी आल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. सुईत दोरा ओवायचीही इच्छा उरली नव्हती त्यांना. घरी मात्र त्यांनी 'अशक्तपणा' एवढंच सांगितलं होतं.

"सलाईनला कुणी काही विचारत नाही हो, सिस्टर. गोळ्या दिसल्या की शंभर प्रश्न."

"घरी खरं सांगा," डॉक्टर रोज म्हणत.

"उद्या सांगते," बाई रोज म्हणत.

चौथ्या आठवड्यात त्यांनी सिस्टरांची बाही चिमटीत धरली. "ही कुणी शिवली? यापेक्षा पोतं बरं!" आणि त्या चक्क हसल्या. त्यांच्या यजमानांनी मला थोपटलं. "बाटलीतच जादू आहे. हा खांब घरीच न्यावा म्हणतो!" मी फुशारलो.

बाईंचे चार आठवडे संपले आणि पाकिटं फुटली.

"तुमच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी होतं," डॉक्टर म्हणाले. "औषध गोळीत होतं. ती आता घरी निदान सहा महिने घ्यायची."

माझे आकडे बधिर झाले. चार आठवडे मी पाणी मिरवत होतो! दुसऱ्या कुणाच्या बाटलीत औषध असेलही, इथे नव्हतं. बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांना आडोसा द्यायला आता मीही नव्हतो.

मित्रांनो, डोळ्यांत भरतं तेच बरं करतं असं समजू नका. आणि मनाच्या आजाराला खोटं नाव देऊन तो एकट्याने वाहू नका.

इतक्यात यजमान आत आले. "चला, गेला ना अशक्तपणा?"

बाईंनी मला घट्ट धरलं, मग सोडलं.

"अहो, जरा बसा. मला अशक्तपणा नव्हताच. नैराश्य आहे. गोळ्या घ्याव्या लागतील, आणि मी त्या घेणार आहे. तुमच्यासमोर."