सात रेघांचा निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. हंड्या-कळशांचा मान मला नाही. मला कुणी रुखवतात मांडत नाही की हळदीकुंकू लावत नाही. माझ्या अंगावर सात आडव्या रेघा आहेत, त्याही नखांना लावायच्या लाल रंगाच्या. त्या कशा आल्या, एवढंच आज सांगायचं आहे. एरवी माझ्या तोंडावर झाकण असतं.

एका कारखान्यात प्लॅस्टिक वितळवून मला घडवलं आणि माझ्यात राहात्याकडच्या पेरूंचा गर भरला. दोन हंगाम मी ट्रकमधून ऐटीत हिंडलो. मग माझा काठ चिरला आणि मी बन्सी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडलो. वर्षभर माझ्या आडोशाला एक कोंबडी अंडी घालत होती. तेवढाच माझा उपयोग.

एके दिवशी तिथे चिसोमो आली. ती आफ्रिकेतल्या मलावी देशाची. नर्सिंग शिकायला इतक्या लांब आली होती आणि आमच्या गावात मेरीबाईंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होती. तिने माझ्यात डोकं घालून वास घेतला.

"धुतलाय ताई, पर पेरूचा वास काय जात न्हाई बघा," बन्सी ओशाळून म्हणाला.

"राहू दे वास," ती म्हणाली. "माझ्या आईच्या दारात पेरू आहे."

त्या क्षणापासून मी तिचा झालो.

आमच्या गावात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, म्हणजे आलं तर. धार इतकी बारीक की प्रत्येक घर मोटार लावून ओढून घेतं. त्यामुळे लाईट गेली की दाराशी आलेलं पाणीही परत जातं. शेजारच्या रंगुबाईंनी चिसोमोला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमच्याकडं तरी लाईट ऱ्हाती का गं?"

"नाही ना मावशी. तिकडेही जाते, पाणीपण जातं. म्हणून तर मला सवय आहे."

ती सवय मी रोज पाहिली. लाईट आली की ती आधी फोन आणि कंदील चार्जिंगला लावायची, मग चहा. अर्ध्या बादलीत आंघोळ, त्याच पाण्यात फरशी. पहिल्या दिवशी मला काठोकाठ भरून तिने त्या लाल रेघा ओढल्या. रोज एका रेघेइतकंच पाणी घ्यायचं. पाच रेघा पाच दिवसांच्या, आणि खालच्या दोन पाणी न आलेल्या दिवसांच्या. मला आधी रागच आला. म्हटलं, मी काय औषधाची बाटली आहे?

मेरीबाईंचे यजमान दानीएल सर. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खाटेवर होते. मेरीबाईंचं सगळं आयुष्य आता एका गोष्टीपुरतं उरलं होतं. "माझा मानूस एक दिवस बिनआंघोळीचा ऱ्हानार न्हाई," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. कोमट पाणी, साबण, पाठीला पावडर आणि रविवारी पांढरा सदरा. यात कधी खंड पडला नाही. लाईट गेली की चिसोमो खाटेशी बसून वहीच्या पुठ्ठ्याने सरांना वारा घालायची आणि सर तिला सावकाश, अडखळत मराठी शिकवायचे.

पण दर पाचव्या दिवशी घरात ठिणगी पडायची. पाणी यायच्या दिवशी पहाटेच सारी आळी भांडी उपडी करते. कालचं पाणी शिळं, ते ओतायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. दुष्काळी गाव, पण त्या सकाळी गटार मात्र नदीसारखं वाहतं.

"शिळं पानी ठिवत्यात व्हय घरात? किडं पडत्याल," मेरीबाई कातावायच्या.

"झाकण आहे मावशी. आधी नवीन येऊ दे. मग जुनं झाडाला."

"आमच्या घरात ऱ्हाऊन आमालाच शिकवती!" असं पुटपुटत मेरीबाई दोन दिवस तिच्याशी बोलायच्या नाहीत. मलाही हिरमुसल्यासारखं व्हायचं, कारण दोघींचंही मन मला ठाऊक होतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सात वाजता पाणी यायचं होतं. सहालाच मेरीबाईंनी टाकी, हंडे, पिंप सगळं ओतून लख्ख घासलं. चिसोमो दवाखान्यात रात्रपाळीला गेली होती. मेरीबाईंची नजर माझ्यावर पडली. पदर खोचून त्यांनी मला कलता केला. पाणी भळाभळा वाहू लागलं. खालच्या दोनच रेघा उरल्या होत्या, त्यातली एक गेली. मी नुसता डचमळत होतो, ओरडू कसा?

तेवढ्यात खिडकीतून सरांचा आवाज आला. "मेरी... ते तिचं आहे. असू दे."

"तुमी तिचीच बाजू घ्या!" मेरीबाई म्हणाल्या, पण त्यांनी मला सरळ केलं. माझ्यात एकच रेघ पाणी उरलं.

सात वाजता नळ गुरगुरला आणि त्याच वेळी लाईट गेली. मोटारी गप्प झाल्या. नळाला करंगळीएवढी धार आली, तीही तुटली. कुणीतरी ओरडत आलं की गावाची डीपी जळाली, आता उद्याशिवाय काही खरं नाही.

साडेआठला चिसोमो परतली. रोजच्यासारखी ती आधी सरांकडे गेली, त्यांचा हात हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. मग तिने मेरीबाईंना जवळ घेतलं. सर झोपेतच गेले होते.

मेरीबाई रडल्या नाहीत. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "आंघोळ ऱ्हायली गं त्यांची. आंघोळ ऱ्हायली."

रंगुबाई कळशी घेऊन घरोघर धावल्या. सगळ्या घरांत भांडी चकचकीत घासलेली होती, आणि कोरडी. कुणाकडे पिण्यापुरतं तांब्याभर होतं. टँकर संध्याकाळी येणार होता, आणि मे महिन्याच्या उन्हात सरांना माती द्यायचं तोवर लांबवता येणार नव्हतं.

मेरीबाई मागच्या दारी आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पण झाकणाला हात लावायचं धाडस त्यांना होईना.

"पोरी," त्या चिसोमोला म्हणाल्या, "थोडं देशील का गं मला? मी सकाळी तुजं ओतलं."

"थोडं कशाला मावशी? सगळं सरांचं आहे." चिसोमोने स्वतः माझं झाकण काढलं.

दोघींनी मिळून पाणी कोमट केलं. दोघींनी सरांना आंघोळ घातली. पाठीला पावडर लावली आणि पांढरा सदरा घातला. तेव्हा कुठे मेरीबाईंना रडू फुटलं. मी रिकामा झालो होतो आणि मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा रिकामं होण्याचं दुःख वाटलं नाही. ते पाणी सरांनीच राखलं होतं, हे आठवून मात्र मी आजही आतून गलबलतो.

चिसोमो परीक्षा पास होऊन तिच्या देशी गेली. मला नेणं शक्य नव्हतं. माझ्या रेघा पुसट झाल्या, तेव्हा मेरीबाईंनी राहात्याच्या बाजारातून लाल बाटली आणली. आयुष्यात कधी नखं न रंगवलेल्या त्या बाईने सातही रेघा पुन्हा ओढल्या. पाण्याच्या दिवशी रंगुबाई हंडा उपडा करायला लागल्या की त्या कुंपणावरून हाक मारतात, "थांब रंगू. आदी नळ येऊ दे."

मित्रांनो, मी साधा ड्रम, तुम्हाला काय शिकवणार? पण तुमच्याकडेही पाणी यायचा दिवस असेल, तेव्हा कालचं पाणी ओतण्याआधी घरात एकदा विचारा, कुणाची आंघोळ राहिली आहे का.