आरमोरीला गेलेला लोकेश

"हे काय घरघरून राह्यलं रे, लोकेश?"

"गिरणी आहे बाबा. धानाची."

गिरणी कसली, डोक्यावरचा एसी होता! मस्कतच्या कॅम्पात, सहा जणांच्या खोलीत लोकेश वरच्या खाटेवर बसलेला, अंगात फिटरचे निळे कपडे, आणि फोनवर सावली तालुक्यातल्या गावातला त्याचा म्हातारा बाप, बाबुलाल. बापाला वाटत होतं पोरगा जवळच्या आरमोरीला गेलाय, बाजाराला. दहा दिवस झाले त्या बाजाराला!

"मंग निघ ना आता. मोठं जाळं टाकाचं आहे उद्या."

"हाव बाबा. निघतोच."

फोन ठेवला तसा खालच्या खाटेवरून माजरीचा राजदीप खिदळला, "अबे, लय लंबा बाजार आहे बे तुहा! येताना मले किलोभर वांगे आणजो."

लोकेश हसला. हसला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

झालं असं, की वर्षभरापासून म्हाताऱ्याच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या होत्या. लोकेश सुट्टी संपवून निघाला त्या सकाळी म्हातारा त्याला घरभर शोधत फिरला. आई, कुंताबाई, काय करणार? म्हणाली, "आरमोरीले गेला. येते संध्याकाळी." तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच प्रश्न, आणि रोज लोकेश आरमोरीहून निघतोय.

इकडे मस्कतमध्ये त्याचं बस्तान काही बसतच नव्हतं. सुपरवायझरनं हाक मारली की तोंडातून "हाव गा" निघायचं. पाइपाला चुकीचा वॉशर लावला, शिव्या खाल्ल्या. याआधी दोनदा परत आला होता सुट्टीवरून, तेव्हा चार दिवसांत रुळला होता. या वेळी मन तिकडच्या तलावात अडकलेलं.

कारण ते मोठं जाळं. ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं, गाव त्यांचं. वर्षातून एकदा उन्हाळ्यात, तलाव उतरला की अख्खं गाव ते ओढतं. पाण्यात प्रत्येक गड्याची जागा ठरलेली, बापाच्या उजव्या हाताला पोरगा. आणि नियम असा, की एखादी जागा लागोपाठ तीन वर्षं रिकामी राहिली की ती मिटली. कायमची. लोकेशची दोन वर्षं रिकामी गेली होती. म्हणून तर हात जोडून, पुढच्या वर्षीची सुट्टी आधीच घेऊन तो या उन्हाळ्यात गेला होता! पण मध्येच अवकाळी पाऊस आला, तलाव उतरेना, तारीख पुढे पुढे. कंपनीकडे आठ दिवस मागितले. नाही मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, साइटवर जाणाऱ्या बसमध्ये, बायकोचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेसात.

"आयकलं का," दिव्या सासऱ्याबद्दल कुजबुजली, "मामाजी पाण्यात उतरले. कोणाचं आयकत नाईत."

तिनं फोन फिरवला. कमरेएवढ्या पाण्यात गडी ओळीनं उभे, हातात दोर. ओळीच्या काठाकडच्या टोकाला बाबुलाल, नुसत्या बनियनवर, आणि त्याच्या उजव्या हाताला, काठापर्यंत, एका माणसाएवढी मोकळी जागा.

तलावाच्या बांधावरून मच्छीमार सोसायटीचा इसरू ओरडला, "बाबुलालभाऊ, सरका ना उजवीकडं!"

"काऊन सरकू? लोकेश येऊन राह्यला. आरमोरीवरून निघाला तो. रात्रीच सांगतलन मले."

कोणी हसलं नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं लोकेश कुठे आहे ते. इसरूनं डोक्याचा दुपट्टा सोडला, परत बांधला.

"बरं मंग. थांबू घडीभर."

आणि थांबले की सगळे! चाळीस-पन्नास माणसं, गार पाण्यात, हातात दोर धरून, मस्कतच्या बसमध्ये बसलेल्या माणसाची वाट बघत. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाबुलाल मान उंच करून रस्त्याकडे बघत होता, त्याचे ओठ निळे पडायला लागले होते.

"दिव्या," लोकेश म्हणाला, "फोन बाबाजवळ ने."

"काय सांगसान?"

"ने."

ती लुगड्यासकट पाण्यात शिरली. फोन हलला, आभाळ दिसलं, मग एकदम बापाचा चेहरा, अगदी जवळ.

"कुठी पोचलास?"

पुढच्या सीटवरचा राजदीप मागे वळला होता.

"बाबा, मी नाई येऊन राह्यलो," लोकेश म्हणाला. "मी आरमोरीले नाई. मी मस्कतले आहो. दहा दिवस झाले. ओढा तुम्ही जाळं."

बाबुलाल त्याच्याकडे बघत राहिला. समजलं की नाही, कळेना. मग एकाएकी, शहाण्या माणसासारखा, रागावला.

"आंदीच सांगाचं ना मंग! लोकं पाण्यात उभे आहेत."

फोन दिव्याच्या हातातच होता, तिला तो खाली करायचं सुचलं नाही. म्हणून लोकेशला सगळं दिसलं. बापानं दोर नीट पकडला, डावीकडच्या गड्याला मानेनं खुणावलं, आणि पाण्यात चाचपडत, एक पाऊल उजवीकडे सरकला.