अंगभर नावं

मी रॉकेट बोलतोय. दिवाळीतलं नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण एवढा खुलासा करण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलं.

जन्माने मी कापडवाला. सोलापुराहून धाराशिवच्या एका दुकानात कापडाचा तागा आला, त्याच्या पोटातली जाड पुठ्ठ्याची नळी म्हणजे मी. कापड विकून संपलं आणि मी दुकानामागे पडलो. तिथून मला मंजुषाने उचललं. ती सास्तूरची, धाराशिवच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. सोबत तिच्या वर्गातला वरद, तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातला. दोघांनी मला फायबरचा लेप दिला, लाकडाचं टोकदार नाक बसवलं, खाली प्लायवूडचे पंख लावले आणि पोटात पॅराशूट घडी करून ठेवलं. आरसा असता तर मी स्वतःचीच दृष्ट काढली असती.

अडलं होतं ते मोटरीवाचून. माझ्या पोटात जळून मला वर नेणारी मोटर विकत आणावी लागते, आणि ती महाग. त्यात परराज्यातल्या रॉकेट-स्पर्धेची फी, जाण्यायेण्याचा खर्च. कॉलेजने पाठीवर हात ठेवला, हातावर काही ठेवलं नाही. मोटर वेळेत मागवली नाही तर मी पुन्हा नुसती नळी होणार होतो.

मग दोघं मला मोटरसायकलवर आडवा धरून दारोदार हिंडली. वळणावर लोक खाली वाकून मला चुकवत. एक व्यापारी म्हणाले, "दिवाळीत धा रुपयाला मिळतंय की." दुसऱ्यांनी विचारलं, "कुणावर सोडायचंय?" एका पुढाऱ्याचा माणूस सगळा खर्च द्यायला तयार झाला, फक्त माझ्या अंगभर साहेबांचा फोटो हवा होता. मंजुषा भोळेपणाने म्हणाली, "पण साहेबांचे पाय पंखांपाशी येतील. तिथनंच आग निघती." बोलणं तिथंच संपलं.

आता हसू येतं, पण तेव्हा पोरं रडकुंडीला आली होती. तुळजापुरात एका लॉजच्या बाकड्यावर दोघं हातपाय गाळून बसली. डोक्यावर पंखा फिरत होता. लाइट गेली, पंखा थांबला आणि पात्यांवरची अक्षरं दिसली: अमक्याच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.

वरद वर बघत म्हणाला, "आपल्याकडं नाव लिहिल्याबिगर कोण काय देतंय? रॉकेटवर लिहू की नावं."

लॉजचे मालक शंभुलिंग शेजारीच बसले होते. त्यांना ही गोष्ट भलतीच पटली. सगळ्यांत मोठी रक्कम त्यांनीच दिली. अट एकच, नाव सगळ्यांच्या वर, नाकापाशी पाहिजे.

त्यानंतर माणसं पुढं आली. चहावाले आले, बांगड्यांचे दुकानदार आले, शाळेतले जुने गुरुजी आले. सास्तूरला मंजुषाच्या शेजारच्या गजराबाईंनी शेळी विकून आलेले पैसे पुढं केले.

"आज्जी, तुमचं नाव कसं लिहू?"

"माजं नगं. शेवंताचं लिव्हा."

शेवंता त्यांची लेक. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी भिंत अंगावर आली, तेव्हा आठ वर्षांची होती. मंजुषाने जरा चाचरत विचारलं, "आधी कै. लिहू का?"

"नगं. नुस्तं शेवंता."

नावं रंगवायला पेंटर बजरंग आला. उभा जन्म पंखे आणि बाकडी रंगवण्यात गेलेला. शेवंताचं नाव मंजुषाने शेजारी उभं राहून लिहून घेतलं आणि ती तासाला गेली. संध्याकाळी शंभुलिंग मला पाहायला आले, चष्मा लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. बजरंगने त्यांच्या नावाआधी ठसठशीत 'कै.' लिहिलं होतं.

"मी गेलो कधी?"

बजरंग म्हणाला, "मालक, वर जानाऱ्यांची नावं म्हनले. म्या म्हनलं, गेलेलीच असत्याल."

शंभुलिंग भडकले. असला अपशकुन त्यांना चालणार नव्हता, पैसे उद्याच्या उद्या परत हवे होते. ते पैसे गेले की मोटर गेली, हे माझ्या पुठ्ठ्यालाही कळत होतं.

आणखी कोणाकोणाला मारलंय ते बघायला शंभुलिंग खाली वाकले. चहावाले गेले होते, गुरुजी गेले होते, अख्खी बाजारपेठ कैलासवासी झाली होती. वाचत वाचत ते खालच्या नावाशी थांबले.

"ही एकटीच जिवंत दिसती. कोण ही शेवंता?"

मंजुषाने सांगितलं. शंभुलिंग चष्मा काढून पुसत म्हणाले, "आमच्या सगळ्यांच्या नावापुढचं 'कै.' तेवढं खरवडून टाका. मोटर मागवा."

मी उडालो. बक्षीस मिळालं नाही, पण पॅराशूट वेळेवर उघडलं आणि मी हेलकावे खात माळावर उतरलो. मंजुषा चप्पल सोडून माझ्याकडे धावली होती.

मला घेऊन ती आधी सास्तूरला गेली. मोबाइलवर उड्डाण दाखवलं. गजराबाईंनी विचारलं, "येवढ्या वरनं आलं, अन् कुनाच्या अंगावर पडलं न्हाय?"

"न्हाय, आज्जी."

"खाली मानसं व्हती?"

"लई होती."

मंजुषा पुन्हा पहिल्यापासून लावायला लागली, तर त्यांनी तिचा हात धरला. "वर गेल्यालं नगं. खाली येतंय तेवढं दाव." तेवढंच त्यांनी कितीदा तरी पाहिलं.

आज मंजुषा पुण्यात नोकरीला आहे. मी कॉलेजात कपाटावर धूळ खात पडलोय आणि तिची आणि वरदची फार आठवण येते. खाली नवी पोरं नवं रॉकेट जोडताहेत. उद्या ती तुमच्या दाराशी येतील. जमेल तेवढं द्या, हवं तर नाव लिहून घ्या. पैसे कमी पडले की पोरं आधी पॅराशूटला कात्री लावायला निघतात. तेवढं मात्र त्यांना करू देऊ नका.