सही शंभर, नावासकट दीडशे

रहस्यकथांच्या वाचक-मेळाव्यातून लेखकाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडू. पंधरा हजारांची हमी, हॉटेलात एक रात्र, जेवणाची दोन कुपनं आणि सह्या करायला एक टेबल. टेबलाचा एक पाय आखूड होता, पण ते निमंत्रणपत्रात नव्हतं. शिवाय हे पंधरा हजार घरी आले, तर लेखकाला लिहायला आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाही आले, तर सोमवारपासून मेहुण्याच्या रंगांच्या दुकानात गल्ल्यावर. बायकोच्या साक्षीनं मेहुण्याशी तशी पैज लागली होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. बावीस वर्षं दुकान चालवणारा, झाकणाला लागलेला रंगही निपटून परत डब्यात टाकणारा. दुकानात फुकट बसणारा घरचा माणूस त्याला केव्हापासून हवाच होता. लेखक हरणार याची त्याला इतकी खात्री होती, की तो सोहळा बघायला स्वतःचं तीनशेचं तिकीट काढून आला. काखेत नेहमीची पिशवी होती. तिच्यात पावतीपुस्तक आणि दुकानाचा शिक्का. या दोन वस्तू तो लग्नकार्यातही सोडत नसे.

हमीचा हिशेब सरळ होता. एका सहीचे शंभर. ते वाचकानं लेखकाच्या हातात द्यायचे. दिवसाचा गल्ला पंधरा हजारांना जेवढा कमी पडेल तेवढा आयोजक भरणार. जास्त जमलं तर वरचं लेखकाचं. रांगेत प्रत्येकाला पुस्तकागणिक एक टोकन मिळायचं आणि सही झाली की ते टेबलावरच्या डब्यात पडायचं.

लेखकाची नायिका म्हणजे तिकीटवाल्या काकू. पाच भागांत त्यांनी एकवीस खून उकलले होते, तेही एकाच सवयीवर: हातात आलेला कागद त्या उलटून बघायच्या आणि गुन्हेगार मागच्या बाजूला सापडायचा. सकाळी दहाला रांगेत चौदा काकू उभ्या होत्या. गळ्यात तिकिटांची गुंडाळी, नाकावर दोरीचा चष्मा. त्यांतल्या दोघींना मिशा होत्या.

पहिल्या काकूंनी शंभराची नोट पुढे केली आणि लेखकाचे कान लाल झाले.

"राहू द्या हो. तुमच्याकडून काय घ्यायचे!"

बायको कानाशी लागली. "अहो, घ्या की! लाजताय काय नव्या नवरीसारखे?"

"अगं, हमी आहे ना! मी घेतले नाहीत तर आयोजक भरणार. वाचक खूश, आपण खूश."

खुनी कोण हे सुचल्यावर त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसाच आता झाला होता. दुपारपर्यंत तो सह्या वाटत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत खजिनदार बाई आल्या. त्यांनी डबा पालथा केला आणि टोकनं दोनदा मोजली.

"एकशे बासष्ट. म्हणजे सोळा हजार दोनशे. हमी पुरी झाली, अभिनंदन!"

"पण मी कुणाकडून एक पैसा घेतलेला नाही!"

"तो तुमचा मोठेपणा. आम्ही टोकनं मोजतो. पत्राच्या मागे लिहिलंय."

लेखकानं पत्र उलटलं. तीन ओळी होत्या, चांगल्या ठळक.

"काकूंना तेवढं बरं सुचतं," बायको म्हणाली.

"आता इथून पुढचे सगळे तुमचेच," बाईंनी धीर दिला आणि त्या शेजारच्या टेबलाकडे वळल्या.

मेहुण्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "जावईबापू, सोमवारी साडेनऊला या. डबा घरून आणा, बाहेरचं महाग पडतं."

हा आनंद दहा मिनिटं टिकला. जेवणानंतरचा पहिलाच वाचक सात पुस्तकं घेऊन आला. लेखकानं सातही सह्या केल्या आणि सवयीनं म्हणाला, "राहू द्या..."

"सातशे," मेहुणा म्हणाला.

त्याला बोलायचं नव्हतं. पण डोळ्यांदेखत माल फुकट जाताना बावीस वर्षांत त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हात आपोआप पुढे गेला. वाचकानं मुकाट्यानं पैसे दिले. मग मेहुण्यानं खुर्ची ओढली.

"सही शंभर, नावासकट दीडशे! सुटे काढून ठेवा."

"माझं नाव लांब आहे," एक मिशीवाल्या काकू म्हणाल्या.

"दीडशेच. आज लांबीला सूट."

रांग हलू लागली. पण निम्मे लोक सहीसाठी नव्हे, भांडायला आले होते. पाचव्या भागात लेखकानं काकूंचं एककानी मांजर मारलं होतं.

"आधी मांजर जिवंत करा!" एक निवृत्त मास्तरीणबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. टेबल डुगडुगलं.

"सहाव्या भागात होईल," मेहुणा म्हणाला. पाच भागांतलं पानही त्यानं वाचलेलं नव्हतं. "नोंदणी शंभर."

"आणि यांनी लिहिलंच नाही तर? मागच्या भागाला तीन वर्षं लावली यांनी."

मेहुण्याला हे लागलं. गिऱ्हाईक असं कुणाशी बोलतं! त्यानं पावतीपुस्तक काढलं. "बाई, आगाऊ घेऊन माल दिला नाही, असं आमच्या दुकानात झालेलं नाही. वर्षाच्या आत पुस्तक तुमच्या हातात." आणि त्यानं शिक्का हाणला.

सहा वाजता गाडीत बसल्यावर त्यानं नोटा लावल्या. चाळीस साध्या सह्या, बावीस नावासकट. "सात हजार तीनशे. पंधराला निम्मेही नाहीत. पैज मी जिंकलो."

"आणि दादा, ती वेगळी थप्पी?" बायकोनं विचारलं.

"नऊ हजार चारशे. नोंदणीचे. ते आगाऊ, ती कमाई नाही. माल पोचेपर्यंत ते देणं."

"बरोबर. माल कोण बनवणार?"

मेहुण्यानं लेखकाकडे पाहिलं. लेखक खिडकीबाहेर बघत होता.

"हे दिवसभर गल्ल्यावर बसले तर कधी बनवतील? आणि पावत्यांवर शिक्का कुणाचाय, दादा?"

मेहुण्यानं ती थप्पी पिशवीत कोंबली आणि गाडी सुरू केली. मग खेकसला, "जावईबापू, ते मांजर नक्की मेलंय का?"

"पुरलंय," लेखक म्हणाला.

"मग उद्यापासूनच बसा लिहायला. सकाळी साडेनऊला!"

तर शेवटचा हिशेब. आयोजकांनी टेबल, हॉटेल आणि कुपनं दिली, रोख काही नाही. सकाळच्या वाचकांचे सोळा हजार दोनशे वाचले. लेखकाला सात हजार तीनशे आणि एक वर्ष मिळालं. पैज मेहुण्यानं जिंकली आणि गल्ल्यावर पगारी माणूस ठेवला, महिना आठ हजारांनी. वर्षाचे शहाण्णव हजार आणि तिकिटाचे तीनशे. एका मांजराला उठवायला एवढा खर्च आला, आणि तो सगळा मेहुण्याच्या खात्यावर पडला.