गेडिस साहेबांचे हात

मी एक जुनी बॅट आहे. क्रिकेटची नव्हे हं! विमानवाहू जहाजावरच्या सुतारानं लाकडाचं कडं वाकवून, त्यावर पिवळं कापड ताणून मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला घडवलं.

आमचे धनी मर्डो गेडिस साहेब. नौदलातले अधिकारी आणि स्वतः पट्टीचे वैमानिक. डेकच्या टोकाला उभे राहून ते आमच्या खुणांनी विमानं उतरवून घेत. आम्ही डोक्यावर हललो की वैमानिकानं न उतरता मुकाट परत फिरायचं. तिथे कुणाची मिजास चालत नसे. "साहेबांचे हात म्हणजे आईचे हात," असं वैमानिक म्हणत. मी फुशारून जाई.

मग ती दुपार आली. साहेबांच्याच गावचा, स्कॉटलंडच्या कोळ्यांचा पोर फर्गस, विमान घेऊन परतत होता. डेकवरचा दोर पकडून विमान थांबवणारा शेपटीचा हुक खाली सोडायला तो विसरला होता. तसाच उतरता तर पुढच्या माणसांत घुसला असता. साहेबांनी आम्हाला डोक्यावर हलवलं. पोर वळलं. पेट्रोल आधीच संपत आलेलं. विमान समुद्रात पडलं आणि पोर हाती लागलं नाही.

चौकशीत साहेब निर्दोष ठरले, पण तो निकाल कागदातच राहिला. सुट्टीत ते मला घेऊन घरी आले, तर दारात फर्गसची आई, एल्सपेथ काकू.

"मर्डो, खरं सांग रे बाबा. माझ्या लेकराचं काही चुकलं का? घरीसुद्धा दार लावायला विसरायचा वेडा, म्हणून विचारते."

साहेबांनी मान खाली घातली. "नाही काकू. मीच उगाच परत पाठवला त्याला."

"मग तुझे हात कसे रे झडले नाहीत!"

गावानं साहेबांशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. पुढे जहाजांवर आमच्या जागी खुणा करायला आरसे आणि दिवे आले, साहेब निवृत्त झाले, मी माळ्यावर गेले. काकू वारल्या तेव्हा साहेबांची बायको म्हणाली, "अहो, आता तरी खरं सांगा की!"

"फर्गसच्या आठवणीच्या दगडावर काकूंनी 'निर्दोष' कोरून घेतलंय," साहेब म्हणाले. "ते काय मी खोडू?"

मित्रांनो, कुणाला बोल लावण्याआधी जरा थांबत जा. माझ्यासारख्या मुक्या वस्तूला सगळं ठाऊक असतं, पण सांगता येत नाही. परवा साहेब गेले. शवपेटी उचलायला गावातलं एकही माणूस आलं नाही.

ते हात चुकले नव्हते, मित्रांनो. मी त्या हातांत होते.