महादूचा दाखला, काशीरामचा दर्या

मित्रांनो, मी बोटीवरच्या खलाशाची पत्र्याची नळी, आता पार म्हातारी. खलाशी आपला नोकरीचा दाखला गुंडाळून माझ्या पोटात ठेवायचा, म्हणजे तो भिजत नसे.

दुसऱ्या महायुद्धात मी आरोंद्याच्या काशीरामबरोबर मालवाहू बोटीवर होते. बोट बुडाली तेव्हा काशीराम माझ्यावर बसून तरंगत आफ्रिकेला लागला. हसू नका! बरं, होडीत बसून. पण होडीला भोक पडलं होतं आणि त्या भोकात मी होते, हे अगदी खरं.

भानगड एकच. माझ्यातला दाखला काशीरामचा नव्हताच! तो त्याच्या थोरल्या भावाचा, महादूचा. महादूने हौसेने दाखला काढला आणि बोटीचा भोंगा ऐकताच गोदीतून घरी पळाला. काशीरामचं वय बसत नव्हतं, म्हणून तो भावाच्या नावावर चढला. कोणी पकडेल म्हणून दोघं मरेपर्यंत बाहेर कुठे बोलले नाहीत. दाखला वाळवीने खाल्ला. माझं बूड गंजून गळालं, तशी काशीरामच्या लेकीने, राधाबाईने, माझी फुंकणी केली. युद्ध बघितलेली मी, चूल फुंकत बसले!

२००४ साली गावात युद्धातल्या खलाशांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. राधाबाई म्हणाली, "माझ्या बापाशीचा नाव त्येच्यावर व्हया." कमिटी म्हणाली, सरकारी नोंद आणा.

मग सुरू झाली फरफट. राधाबाई, तिची सून संचिता आणि पुरावा म्हणून पिशवीत मी. मुंबईची कचेरी. काशीराम नावाची नोंद नाही. परत गेलो. नाहीच. वर कारकून विचारतो, "आजी, ते बोटीवर होते कशावरून?" मी पिशवीत ओरडतेय, अरे महादू बघ, महादू! जेवणाच्या डब्यावर खणखण आपटले, तर संचिताने मला रुमालात गुंडाळलं. असा संताप आला!

घरी ही रडकथा ऐकून महादूचा मुलगा बाळा हसायलाच लागला. "अगो राधाक्का, तुझो बापूस माझ्या बापाशीच्या दाखल्यावर गेललो."

"आणि ह्या तू आता सांगतस, मेल्या?"

"बापाशीन शपथ घातलेली गो."

महादूचं नाव दिलं आणि नोंद लगेच सापडली. बोटीचं नाव, साल, बुडाल्याची तारीख, सगळं. कमिटी खूश. "मग दगडावर महादूच घालू. कागदावर तोच आहे."

बाळा उसळला. "माझो बापूस खाडी ओलांडूक तरीत बसलो तरी ओकायचो! त्येका खंय लढाईक धाडतास?"

कमिटी हलेना. राधाबाईही हलेना. "काशीराम घाला, नायतर ती ओळ रिकामी सोडा."

ओळ रिकामीच राहिली. अजून आहे. बघितली की माझा पत्रा तापतो.

मित्रांनो, तुमच्या घरचं कोणी दर्यावर गेलं असेल, तर कोणाच्या नावावर गेलं ते आजच विचारा. माणूस गेल्यावर पत्र्याला विचारून काय मिळणार?

शाळेची पोरं दगडाशी येतात. सगळी खोदलेली नावं सोडून नेमकं विचारतात, "आजी, हय कोणाचा नाव?"

"माझ्या बापाशीचा," राधाबाई म्हणते. "वाचा मोठ्यान."

आणि पोरं त्या कोऱ्या दगडावर बोट ठेवून एका सुरात वाचतात, "काशीराम!"