चौदावी ओळ

मी नोंदवही बोलतेय. हिशेबाची किंवा कवितांची नाही, बाळंतपणांची. नर्सिंगच्या कॉलेजात मला केस बुक म्हणतात. आधीच सांगून ठेवते, मला राग आलेला आहे. वहीला राग शोभत नाही हे मला ठाऊक आहे, आणि कदाचित माझंच काही चुकत असेल. तरी ऐका.

माझ्या पोटात वीस ओळी आहेत. प्रत्येक ओळीत आईचं वय, तिचं कितवं बाळंतपण, बाळ मुलगा की मुलगी, वजन किती, आणि शेवटच्या रकान्यात वॉर्डातल्या सिस्टरांची सही. विद्यार्थिनीनं स्वतःच्या हातांनी वीस बाळंतपणं केली की मी भरते. मी भरले की ती परीक्षेला बसते आणि नर्स होते. इतकंच माझं काम.

मी कामिनीच्या वाट्याला आले. उमरेडच्या विणकराची मुलगी. तिच्या बाबांनी मागावरच्या साडीच्या काठाची वीतभर पट्टी पाठवली, ती तिनं खुणेसाठी माझ्या पाठीला शिवली. पहिली ओळ लिहिताना तिचा हात इतका कापत होता की वजनातला इंग्रजी आठ तीनसारखा दिसतो. सिस्टरांनी खडसावून विचारलं, खाली पुन्हा लिहायला लावलं, मगच सही केली.

आता खरं सांगू का? माझ्यासोबत छापलेल्या कितीतरी वह्या कँटीनमध्ये तर्री-पोह्यांच्या प्लेटीशेजारी एका दुपारीत भरल्या गेल्या. एकीचं पाहून दुसरीनं. काहींवर अजून तर्रीचे डाग आहेत. कामिनीला ते जमलं नाही. तिची मैत्रीण पिंकी चिडवायची, "तुझी वही म्हणजे पंचनामा आहे वं! खोटं एक अक्षर नाही." माझ्या तेरा ओळी भरल्या, आणि तेराही खऱ्या.

चौदावी राहिली. कामिनीला स्वतःलाच दिवस गेले होते. सातव्या महिन्यात पाय सुजले, बीपी चढलं, डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केली. तिनं कॉलेजात रजेचा अर्ज दिला. ऑफिसातल्या बाबूंनी "हाव हाव, पाहू" म्हणत तो फायलीत सरकवला. कामिनीनं पोच घेतली नाही. अशी ती. सही घेतल्याशिवाय माझी ओळ पुढे जाऊ द्यायची नाही, पण स्वतःच्या कागदाची पोच मागायला लाजली.

बाळ सात महिन्यांचं झालं तेव्हा ती कॉलेजात परत गेली. मी तिच्या पिशवीत होते, लंगोट आणि बाटलीच्या मध्ये.

"तुझं नाव कटलं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "हजेरीच नाही."

"मॅडम, अर्ज दिला होता मी."

"पोच दाखव."

पोच नव्हतीच. मग तिनं मला काढून टेबलावर ठेवलं. "मॅडम, तेरा झाल्यात. सातच राहिल्यात."

मॅडमनी मला उघडलंसुद्धा नाही. एका बोटानं परत ढकललं. "पुन्हा घेता येत नाही. जागा भरली तुझी. आणि घरी बाळ आहे ना आता? ते सांभाळ. तेही नर्सिंगच आहे."

ते बोट मी विसरणार नाही. ज्या कॉलेजात बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी यावर अख्खा विषय आहे, त्यात नापास झालं तर वर्ष जातं, तिथे स्वतःचीच विद्यार्थिनी बाळंतीण झाली तर तिचं नाव कापतात! यावर कोण कोणाची परीक्षा घेणार?

कामिनी मात्र घरी येऊन म्हणाली, "माझीच चूक आहे. पोच घ्यायला पाहिजे होती." तिच्या सासूबाई मैनाबाई नातीला, प्रणालीला, मांडीवर घेऊन पावडर लावत होत्या. त्या कडाडल्या, "तुही काहून चूक? कागद हरवला त्याहिनं अन् रडून राहिली तू! मले घेऊन चाल त्या मॅडमकडं."

"नको आई, राहू द्या. दुसरं कॉलेज पाहते."

मग नवरा धर्मेंद्र, बुटीबोरीच्या कापड कारखान्यातला, दर साप्ताहिक सुट्टीला तिला बाईकवर घेऊन हिंडू लागला. मी पिशवीत. एका कॉलेजात म्हणाले, होस्टेलमध्ये राहावंच लागेल, लेकरू बाहेर ठेवा. दुसऱ्यात म्हणाले, जुन्या कॉलेजचं चांगल्या वागणुकीचं पत्र आणा. तिसरं हुडकेश्वरच्या पुढे, नवीन वस्तीत, नुसत्या दोन मजल्यांचं. तिथल्या माया मॅडम म्हणाल्या, "घरून ये-जा केलेलं चालेल. पण गॅप सर्टिफिकेट लागेल. मधल्या काळात काय केलं, त्याचं प्रतिज्ञापत्र."

प्रतिज्ञापत्रासाठी कामिनी कचेरीबाहेर टायपिंगवाल्या शालिकरामकाकांकडे गेली. पिंकीही सोबत आली होती, ड्यूटीवरून थेट, तिचं केस बुक काखेत. काकांनी मजकूर वाचून दाखवला : "सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण अथवा नोकरी केली नाही, काहीही न करता घरीच होते."

"काहीही न करता?" कामिनी म्हणाली.

"फॉरमॅट हाय बाई. सगळ्याईले हेच देतो."

"काका, पण मी बाळंत झाले ना."

"ते फॉरमॅटमधी नाई बसत."

तेव्हा पिंकीनं मला पिशवीतून काढून टेबलावर उघडलं आणि आपलं केस बुक धाडकन माझ्याशेजारी उघडलं. नववी ओळ. वय तेवीस, पहिलं बाळंतपण, मुलगी, दोन किलो सातशे. खाली सिस्टरांची सही. ती आई म्हणजे कामिनी. त्या दिवशी लेबर रूममध्ये पिंकीची ड्यूटी होती.

"हे पाहा काका," पिंकी म्हणाली. "हे बाळंतपण माझ्या वहीत काम आहे. याच्यावर मी पास होणार. अन् तेच हिच्या कागदात 'काहीही न करता'?"

मी आणि ती वही अगदी जवळजवळ होतो. माझी चौदावी ओळ कोरी आणि तिची नववी भरलेली, आणि दोन्ही एकाच पोरीमुळे! इतके दिवस मला नुसता राग होता, आता त्याला कारण सापडलं.

शालिकरामकाकांनी चष्मा वर केला, दोन्ही पानं पाहिली. "हे तं खरंच चुकीचं हाय गा," ते स्वतःशीच बोलले, आणि टाइप केलं : "सदर कालावधीत मी एका मुलीस जन्म दिला व तिचे संगोपन केले."

माया मॅडमनी ते वाचलं. मग मला उघडलं. पहिली, दुसरी, तिसरी, सावकाश तेराही ओळी वाचल्या. तीनसारख्या आठावर बोट ठेवून हसल्या. "ही वही खरी आहे," त्या म्हणाल्या. माझी पानं फुलली. "प्रवेश देते. पण पहिल्या वर्षापासून. जुन्या सह्या नियमात चालत नाहीत."

"चौदापासून नाही का होणार, मॅडम?"

"माझ्या हातात असतं तर केलं असतं."

म्हणजे तेरा बाळं जिच्या हातांत पहिल्यांदा रडली, ती आता पलंगाची चादर कोपऱ्यात कशी दुमडायची ते शिकते आहे. तेरा बाळं जन्मली हे कुणी नाकारत नाही. फक्त ती बाळंतपणं कामिनीनं केली हे मोजायचं नाही. धर्मेंद्र म्हणाला, "दोन वर्ष गेले तं गेले. होशीन तं नर्सच ना." मला त्याचा हेवा वाटला. मला असं सोडून देता येत नाही.

परवा कामिनी मला कपाटावर ठेवायला निघाली. मैनाबाईंनी माझं पान पाहिलं. "ह्या रिकाम्या जागी प्रणालीचं टाक ना वं."

"आई, ते मी नाही केलं. पिंकीनं केलं. या वहीत खोटं नाही लिहीत मी."

"पिंकीनं झेललं," मैनाबाई म्हणाल्या. "कळा कोणाले आल्या?"

कामिनीनं मला परत मांडीवर घेतलं. मग पेन उघडला. वय तेवीस, पहिलं, मुलगी, दोन किलो सातशे. या वेळी आकडा जरासुद्धा कापला नाही. सहीच्या रकान्याशी ती थांबली, आणि पेन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी दोनच अक्षरं काढली, मोठी, रकान्याबाहेर जाणारी : मैना.

आता मी कपाटावर असते, साड्यांच्या शेजारी. नियमानं मी रद्द आहे. कामिनीला नवी वही मिळेल, तीही खरी भरेल, याची मला खात्री आहे. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या कुणी पोरगी बाळ घेऊन तुमच्या टेबलासमोर आली आणि तिनं एखादी वही पुढे ठेवली, तर ती बोटानं ढकलू नका. आधी उघडा.